सड्यावर काडी ओढण्याआधी

मे महिन्यात माहेरी, रत्नागिरीला गेले की सकाळी सड्यावर फेरी ठरलेली. यंदा लेक म्हणाली, "आई, वाळल्या गवताशिवाय इथे आहे काय?" तेवढ्यात टिटवी ओरडत डोक्यावर आली. जपून पाहिलं तर खड्यांमध्ये चार अंडी, अगदी खड्यांसारखीच! पलीकडे कुडा पांढराशुभ्र फुललेला, खाली पुळणीवर मर्यादवेलीची जांभळी फुलं.

पुढे मात्र सगळा सडा काळा. कुणीतरी गवत पेटवलेलं. "जाळलं की पावसात गवत चांगलं येतं," असं आपल्याच घरात म्हणतात ना? पण टिटवी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. पाखरू उडेल हो, अंडी कुठे पळणार? मैत्रिणींनो, घरात एवढं सांगाच, निदान पिल्लं उडेपर्यंत तरी काडी लावू नका.