ताळेबंदात जातीचा रकाना हवा

लंडनहून 1917 मध्ये परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला. पण तो अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. बाजाराला जात नसते असं म्हणणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

बंगळुरूत संशोधन करताना आयटी कंपन्यांबद्दल मला तेच ऐकवलं जातं: इथे फक्त गुणवत्ता चालते. मग आकडे पाहू. अजित, डोंकर आणि सक्सेना यांनी देशातल्या 1000 मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळं तपासली, तीही आडनावांवरून, कारण कंपन्या जात नोंदवत नाहीत. 2012 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आलेल्या या अभ्यासात सुमारे 93 टक्के संचालक सवर्ण निघाले. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के.

आता खालच्या पायरीवर या. 2023-24 मध्ये इन्फोसिसचा निव्वळ नफा वाढून 26,233 कोटी रुपये झाला. त्याच वर्षात कंपनीतली माणसं 25,994 ने घटली. नफा वाढून माणसं कमी झाली, तर शेअरधारकाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते घरातल्या पहिल्या पदवीधराचं. त्याच्याकडे वडिलोपार्जित शेअर नाहीत, वशिल्याचा मामा नाही. नोकरी हीच त्याची इस्टेट. कमी झालेल्यांत आपले किती आणि नव्याने घेतलेल्यांत किती, हे कंपनीच्या अहवालात सापडत नाही.

मोजता येत नाही म्हणून हे राहिलेलं नाही. 2013 च्या कंपनी कायद्यानंतर सूचीबद्ध कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक नेमावी लागते. 2022-23 पासून सेबीने मोठ्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना सक्तीच्या केलेल्या अहवालात स्त्री आणि अपंग कर्मचाऱ्यांची संख्या द्यावी लागते. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना एवढीच मागणी आहे. जात विचारली तर भेदभाव वाढेल, असं म्हणतात. न विचारताच 93 टक्के झाले, त्याचं काय?

आणि हे विचारायला आपण परके नाही. 2015 पासून आपल्या पीएफमधला काही पैसा ईटीएफमार्फत याच शेअर बाजारात जातो. पगारातून दरमहा पैसे कापले जातात, तर हिशेब मागण्याचा हक्कही आपला आहे. सेन्सेक्स किती चढला हे रोज सांगणाऱ्यांना विचारू या: चढताना कोण कोण सोबत होतं?