दोन मीटरचं अंतर

बँकेच्या नोकरीत विनातारण कर्जावर मी सहसा सही केली नाही. समोरचा कितीही गोड बोलला, तरी माझी नजर कागदांवर. अशा माणसाला मुलानं हौसेनं गॅलापागोस बेटांवर धाडलं, आणि तिथल्या प्राण्यांनी काहीही तारण न मागता माझ्यावर विश्वास टाकला!

ही बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटरवर, प्रशांत महासागरात. आमचं जहाज १६ प्रवाशांचं. रोज छोट्या रबरी होडीतून बेटावर उतरायचं आणि मार्गदर्शक बाईंच्या मागून आखलेल्या वाटेनंच चालायचं. प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचं, ही पहिली ताकीद.

एस्पान्योला बेटावर निळ्या पायांचे बूबी पक्षी वाटेलगतच अंडी उबवत होते. समुद्रातलं शेवाळ खाऊन आलेले इग्वाना नाकातून खारं पाणी शिंकरत होते. आम्हाला पाहून कुणी हललं नाही. जमिनीवर शिकार करणारे मोठे सस्तन प्राणी या बेटांवर मुळात नव्हतेच. मग पळायची सवय लागणार कुठून?

मी वाळूवर बसलो होतो. सी लायनचं एक पिल्लू जवळ येऊन माझा बूट हुंगू लागलं. माझा हात नकळत पुढे झाला. ‘हात मागे!’ बाई ओरडल्या. मग त्यांनी समजावलं, आई मासे खाऊन परतते तेव्हा पिल्लाला आवाजानं आणि वासानं ओळखते. माणसाचा वास लागला, तर कदाचित ती त्याला जवळ घेणार नाही. माझी माया त्या पिल्लाच्या जिवावर बेतली असती.

हा विश्वास माणसानं पूर्वी बुडवलेला आहे. एकोणिसाव्या शतकात देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी इथली हजारो महाकाय कासवं जिवंत उचलून नेली. अन्नपाण्यावाचून ती महिनोन्‌महिने तग धरत, म्हणजे वाटेत ताज्या मांसाची सोय! पिंटा बेटावरच्या कासवांतला शेवटचा, ‘लोनसम जॉर्ज’, २०१२ साली गेला.

परतल्यावर नातवंडांना घेऊन कोकणात डॉल्फिन बघायला गेलो. पाण्यावर एक पाठ दिसताच चार होड्या तिच्यामागे धावल्या. ‘अजून जवळ घ्या!’ असं ओरडणाऱ्यांत माझी नातवंडंही होती. मी नावाड्याला म्हटलं, ‘पैसे पूर्ण घ्या, पण इंजिन बंद करा.’ नातवंडं किनाऱ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाहीत.

दोष नावाड्याचा नाही. गिऱ्हाईक मागतं ते तो देतो. माया म्हणजे हात लावणं, खाऊ घालणं, असं मुलांना आपणच शिकवलं. लांब थांबणं हीही मायाच, हे आता आपणच शिकवायला हवं.