भिंतीपलीकडचे टपाल

रत्नागिरीच्या टपालपेटीत टाकलेले पत्र लंडनला पोहोचते, तेव्हा ते कोणत्या देशाच्या टपालखात्याने स्वीकारले आणि कोणत्या देशाच्या पोस्टमनने पोहोचविले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ही सोय आपोआप झालेली नाही. १८७४ साली बर्न येथे झालेल्या करारातून जागतिक टपाल संघ उभा राहिला आणि देशादेशांतील स्वतंत्र करार व निरनिराळे दर यांचे जंजाळ हळूहळू संपले. १८७६ साली हिंदुस्थानही त्या संघात सामील झाला. टपालखात्याचे खरे मोल त्याच्या हद्दीपलीकडे पत्र पोहोचण्यात असते, हा त्यामागील साधा विचार. नवल असे की, शंभर वर्षांनंतर संगणकावरून पत्रे जाऊ लागली, तेव्हा हाच धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला.

अमेरिकेत ‘कॉम्प्युसर्व्ह’ने १९७९ साली आपली सेवा सामान्य ग्राहकांस खुली केली, १९८३ साली ‘एमसीआय मेल’ आली. वर्गणी भरावी, टेलिफोनच्या तारेवरून कंपनीच्या संगणकाशी जोडून घ्यावे आणि पत्रे पाठवावीत, अशी ही व्यवस्था. मात्र आरंभी प्रत्येक कंपनीचे टपाल तिच्या कुंपणाच्या आतच फिरत असे. कुंपणाबाहेरच्या माणसाला पत्र धाडायचे, तर एमसीआय मेल ते कागदावर छापून साध्या टपालाने पोहोचवी. पुढे काही कंपन्यांनी परस्परांशी जोडणी केली. पण प्रत्येक जोडणीसाठी वेगळी वाटाघाट आणि वेगळी व्यवस्था. म्हणजे १८७४ पूर्वीच्याच परिस्थितीची ही नवी आवृत्ती होती.

दुसरीकडे, विद्यापीठे व संशोधनसंस्था यांचे इंटरनेट वेगळ्या तत्त्वावर वाढत होते. पत्राचा मजकूर कसा मांडावा आणि एका संगणकाने तो दुसऱ्याकडे कसा सोपवावा, याचे नियम १९८२ साली प्रसिद्ध झाले होते. ते कोणाच्याही मालकीचे नव्हते. जो पाळील त्याचे पत्र पोहोचे. अडचण एकच होती. या जाळ्याचा मुख्य कणा सरकारी पैशावर चालत असे आणि व्यापारी वापरास तेथे मज्जाव होता.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय विंटन सर्फ यांच्याकडे जाते. इंटरनेटच्या मूळ शिल्पकारांपैकी ते एक. एमसीआय मेलच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. पुढे रॉबर्ट कान यांच्या संशोधनसंस्थेत असताना, एमसीआय मेल प्रयोगादाखल इंटरनेटशी जोडण्याची परवानगी त्यांनी १९८८ साली मागितली आणि १९८९ साली ही जोडणी प्रत्यक्षात आली. साहजिकच, एका कंपनीला मिळालेली सवलत आपल्यालाही हवी, अशी मागणी इतरांनी केली. कॉम्प्युसर्व्हची जोडणीही त्याच वर्षी झाली. मग सर्वांच्या ध्यानात आले की, इंटरनेटशी जोडलेल्या कंपन्या त्याच मार्गाने एकमेकींशीही जोडल्या गेल्या आहेत! परस्परांतील वाटाघाटींनी जे साधले नव्हते, ते एका सामायिक रस्त्याने साधून दिले.

हा रस्ता सुरुवातीला खडबडीतच होता. कॉम्प्युसर्व्हच्या ग्राहकाला नावाऐवजी क्रमांक असे आणि त्या क्रमांकात स्वल्पविराम असे. इंटरनेटच्या पत्त्यात तो चालत नसल्याने त्या जागी टिंब द्यावे लागे. ‘अमेरिका ऑनलाइन’च्या ग्राहकाच्या नावात मोकळी जागा असल्यास ती गाळावी लागे. कॉम्प्युसर्व्हवर तर बाहेरून आलेल्या पत्राचे पैसे घेणाऱ्याकडूनच वसूल होत. आपल्याकडील बेरंग पत्राचाच हा प्रकार! कोणत्या जाळ्यातून कोणत्या जाळ्यात पत्र कसे पाठवावे, याची लांबलचक मार्गदर्शिका जाणकारांना जवळ बाळगावी लागे. तरीही लोकांनी हा खटाटोप आनंदाने केला, कारण पत्र पोहोचत होते.

भिंती पाडल्याची किंमतही पुढे मोजावी लागली. दार सर्वांना उघडे झाले, तसे अनाहूत जाहिरातींचे आणि फसवणुकीच्या पत्रांचे लोंढेही आत शिरले. बंदिस्त सेवेत शिस्त अधिक असते, हा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. तथापि, चोरांच्या भयाने गावाचा रस्ता कोणी बुजवीत नाही. रस्त्यावर पहारा ठेवतो. ई-मेलने तेच केले. एमसीआय मेल २००३ साली बंद पडली, कॉम्प्युसर्व्हचे वैभव त्याआधीच ओसरले होते. पण त्यांना जोडणारी ई-मेल टिकली. कंपन्या गेल्या, नियम राहिले.

आज हा इतिहास आठवण्याचे कारण आपल्या खिशातच आहे. शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा सर्वांचेच व्यवहार आता भ्रमणध्वनीवरील संदेशसेवांतून होतात, आणि एका सेवेचा संदेश दुसऱ्या सेवेत सहसा जात नाही. शाळेच्या सूचना एकीकडे, कचेरीच्या दुसरीकडे. एक सेवा सोडावी तर तेथील सारा गोतावळा तुटतो. युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने बड्या संदेशसेवांवर इतरांशी जोडून घेण्याचे बंधन घातले आणि २०२३ साली ‘व्हॉट्सॲप’ व ‘मेसेंजर’ त्याच्या कक्षेत आणले. संदेशांची गुप्तता राखून अशी जोडणी करणे अवघड आहे, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्या कायद्यानेही सुरक्षिततेची पातळी राखण्याची अट घातली आहे. परंतु अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

१९८९ मध्ये भिंतींना दारे पडली, ती केवळ कंपन्यांच्या औदार्याने नव्हे. सामायिक नियम आधीच तयार होते, सार्वजनिक पैशाने रस्ता बांधला गेला होता आणि शासनाने तो वेळेवर खुला केला. या तीन गोष्टींवाचून आजच्या भिंतीही हलणार नाहीत. पत्र पोहोचण्यासाठी पत्ता पुरेसा असावा. तो माणूस कोणत्या कंपनीचा ग्राहक आहे, हे विचारण्याची पाळी येऊ नये.