म्हणून टाका ना, काय फरक पडतो?

संपादकीयात लिहावं असं वर्षभरात पुष्कळ घडलं. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय आला आणि महाराष्ट्राने तो मागे घ्यायला लावला. मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात उभ्या पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून नेली. या विषयांवर माझ्याहून अधिकारी माणसांनी आतल्या पानांत लिहिलं आहे. मला मात्र वर्षभर एक वाक्य छळतं आहे, आणि ते बाजूला ठेवून दुसरं काही लिहिणं जमलं नाही.

एका तालुका न्यायालयात ते ऐकलं. आपल्या अंकाचे एक जुने लेखक, निवृत्त शिक्षक, जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात साक्षीला उभे होते. पिंजऱ्यात गेल्यावर कर्मचाऱ्याने रोजच्या सवयीने सांगितलं, "ईश्वराची शपथ घेऊन खरं सांगेन, असं म्हणा." सर म्हणाले, "मी देव मानत नाही. मी प्रतिज्ञेवर सांगतो." कर्मचारी गोंधळला. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. सरांच्याच बाजूचे वकील पुढे वाकून हळूच म्हणाले, "सर, म्हणून टाका ना, काय फरक पडतो?" न्यायाधीशांनी प्रतिज्ञा घ्यायला सांगितलं आणि काम पुढे सरकलं. पण उलटतपासणीत पहिलाच प्रश्न आला : देव मानत नाही, तर खोटं बोलायला तुम्हाला भीती कसली? न्यायाधीशांनी तो प्रश्न विचारू दिला नाही. तरी तो विचारावासा वाटला, आणि दालनातल्या अनेकांना तो रास्तही वाटला, हे माझ्या मनातून जात नाही.

फरक पडतो. ज्याच्या लेखी ईश्वर नाही त्याने ईश्वराची शपथ घेतली, तर त्याच्या साक्षीतलं पहिलंच वाक्य खोटं ठरतं. सत्य सांगण्यासाठी बोलावलेल्या माणसाला आपण दारातच एक असत्य उच्चारायला लावतो, आणि तेही सौजन्य म्हणून, वेळ वाचावा म्हणून.

कायदा याबाबत स्वच्छ आहे. 1969च्या शपथ अधिनियमाचं पाचवं कलम साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा देतं. त्यासाठी कारण सांगावं लागत नाही, धर्म सांगावा लागत नाही, मी नास्तिक आहे असं जाहीर करण्याचीही गरज नाही. परिशिष्टातल्या नमुन्यात ईश्वराच्या नावाने शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे पर्याय शेजारी शेजारी आहेत. आठवं कलम तर सांगतं की न्यायालयापुढे साक्ष देणारा प्रत्येक जण सत्य सांगायला बांधलेला आहे. लाल फडक्यात गुंडाळलेली गीता आपल्या मनात हिंदी चित्रपटांनी ठेवली. कायद्यातल्या नमुन्यात कुठल्याही धर्मग्रंथाचं नाव नाही. त्याही मागे गेलं तर कंपनी सरकारने 1840मध्येच कायदा करून हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांना गंगाजलाच्या आणि कुराणाच्या शपथेतून मोकळं केलं होतं. अशा शपथांना लोकांची सद्सद्विवेकबुद्धी कचरते आणि त्यामुळे न्यायदानात अडथळा येतो, हे कारण तेव्हाच्या राज्यकर्त्यांना पुरेसं वाटलं. आपल्याला ते आजही समजावून सांगावं लागतं.

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतही मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश या सगळ्यांसाठी दोन्ही वाटा ठेवल्या आहेत. 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला : विचार आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेतच सर्वांवर एक श्रद्धा लादणं विसंगत आहे. मतदान झालं. दुरुस्तीच्या बाजूने 41, विरोधात 68. त्या सभागृहात देव मानणारेच बहुसंख्य होते. श्रद्धावंतांनी स्वतःच्या देवाला आवरतं घेतल्याचा हा प्रसंग आपल्या शाळांत शिकवला जायला हवा.

नास्तिकाच्या शब्दाला किंमत नाही, हा समज मोठ्या माणसांनीही बाळगला. सहिष्णुतेवर इतकं लिहिणाऱ्या जॉन लॉकने 1689मध्ये नास्तिकांना त्या सहिष्णुतेबाहेर ठेवलं, कारण वचन आणि शपथ त्यांना बांधत नाहीत असं त्याचं मत होतं. पुढे 1744मध्ये कोलकात्याच्या अमीचंद या व्यापाऱ्याच्या दाव्यात लंडनच्या न्यायालयापुढे प्रश्न आला, की ख्रिस्ती नसलेल्या, ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतलेल्या हिंदू साक्षीदारांची जबानी ग्राह्य धरायची का. न्यायालयाने ती धरली. कारण काय, तर शिक्षा करणारा देव हे लोकही मानतात. म्हणजे आपल्या लोकांसाठी जे दार उघडलं, तेच दार त्याच वाक्याने देव न मानणाऱ्यांसाठी बंद झालं.

ते दार उघडण्यासाठी चार्ल्स ब्रॅडलॉने दिलेली झुंज महाराष्ट्राने विशेष लक्षात ठेवावी. 1880मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी या उघड नास्तिकाला ब्रिटिश संसदेत पाठवलं. त्याने शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या, अशी मागणी केली. ती नाकारली गेली. मग तो म्हणाला, ठीक आहे, रूढ शपथ घेतो. तेव्हा सभागृह म्हणालं, ती तुमच्यावर बंधनकारक नाही हे तुम्हीच सांगितलं आहे, म्हणून तीही घेऊ देणार नाही. त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोठडीत ठेवलं, पुढच्या वर्षी सभागृहाबाहेर अक्षरशः ओढून काढलं. जागा रिकामी ठरवली की नॉर्दॅम्प्टनचे लोक त्यालाच पुन्हा निवडून देत. अखेर 1886मध्ये नव्या सभापतींनी कुणाचाही आक्षेप ऐकून न घेता त्याला शपथ घेऊ दिली, आणि दोन वर्षांनी त्याच्याच प्रयत्नाने प्रतिज्ञेचा अधिकार सर्वांना देणारा कायदा झाला. ब्रॅडलॉ पहिल्या दिवशी गप्प राहून शपथ म्हणून टाकता, तर सहा वर्षांचा छळ टळला असता. त्याला शिक्षा झाली ती आपल्या अविश्वासाबद्दल खरं बोलल्याची.

हाच ब्रॅडलॉ 1889च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता, आणि हिंदुस्थानची बाजू संसदेत मांडत असल्याने लोक त्याला हिंदुस्थानचा प्रतिनिधी म्हणत. देवाधर्माची बुद्धीने चिकित्सा करणारा आगरकरांचा 'सुधारक'ही तेव्हा नुकताच सुरू झाला होता. 1891मध्ये ब्रॅडलॉ वारला तेव्हा लंडनमध्ये शिकणारे तरुण गांधी त्याच्या अंत्यविधीला गेले. देव मानणारा माणूस न मानणाऱ्याच्या अंत्यविधीला गेला.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. प्रतिज्ञेचा पर्याय कायद्यात पहिल्यांदा आणला तो कट्टर श्रद्धावंतांनी. शपथच वाहू नये या बायबलच्या आज्ञेसाठी क्वेकर पंथाच्या लोकांनी तुरुंगवास सोसला, आणि सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडने त्यांच्या प्रतिज्ञेला कायद्यात जागा दिली. आपल्या घरातली वडीलधारी माणसंही हेच सांगत आली : उठल्यासुटल्या देवाची शपथ घेऊ नये. देवावर खरी भक्ती असलेल्या माणसाला बांधाच्या भांडणात त्याचं नाव ओढणं रुचत नाही. म्हणून मी ज्या हक्काबद्दल लिहितो आहे तो फक्त नास्तिकांचा समजू नये.

आपल्याकडचा इतिहासही शपथेच्या थोरवीला साक्ष देत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शपथ वर्ण पाहून ठरते. ब्राह्मणाला सत्याची पुरते आणि शूद्राला सगळ्या पातकांची भीती घालावी लागते. मराठेशाहीत वाद मिटला नाही तर रवा दिव्य होई, उकळत्या तेलतुपातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला की माणूस खोटा. बेलभंडारा उचलायला लावणं तर अजून चालू आहे. मत विकत घेणारा पैसे मोजतो आणि वर भंडाऱ्याची शपथ घालतो. तिथे देवाचं नाव लाचेची हमी म्हणून वापरलं जातं, आणि त्याने कुणाच्या भावना दुखावल्याचं मी ऐकलेलं नाही. सरांच्या प्रतिज्ञेने मात्र दालन कुजबुजलं.

शपथ घेतली म्हणून साक्षीदार खरं बोलतात हे खोटं आहे, हे वकिलांइतकं कुणालाच माहीत नाही. ईश्वराची शपथ घेऊन फितूर होणारे साक्षीदार रोजचे आहेत. खोट्या साक्षीला भारतीय न्याय संहितेच्या 229व्या कलमानुसार सात वर्षांपर्यंत कैद आहे, आस्तिकाला आणि नास्तिकाला सारखीच. ती कारवाई सुरू करणं न्यायालयाच्याच हातात असतं, आणि मूळ खटल्यांच्या ओझ्याखाली ते बाजूला पडतं. खोटेपणाचा धाक हवा असेल तर तिथे लक्ष द्यावं. आणि देवाशिवाय शब्द बांधत नाही असं खरोखर वाटत असेल, तर सरकारी कचेऱ्यांत 'सत्यप्रतिज्ञेवर' लिहून दिलेली प्रतिज्ञापत्रं आपण कशी स्वीकारतो?

माझी मागणी छोटी आहे. साक्षीदार पिंजऱ्यात आला की त्याला एकच वाक्य विचारावं : शपथ घेता की प्रतिज्ञा? दोन्ही मजकूर मोठ्या अक्षरांत मराठीत समोर लावावेत. साक्षीदाराला स्वतःहून हात वर करून मी वेगळा आहे असं सांगावं लागू नये. त्यासाठी कायद्यात एका अक्षराचाही बदल नको, खर्च नको. उच्च न्यायालयाने एक परिपत्रक काढलं तरी पुरे.

यंदाच्या अंकाचा विषय 'शब्द' असा ठरला तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात नव्हतं. कथा, कविता, भाषेचा प्रश्न, बोलींवरचा विभाग, हे सारं त्या विषयात सहज बसतं. हे संपादकीय थोडं ओढून बसवलं आहे, तेही बसू द्यावं. 1909मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली तेव्हापासून मराठी वाचकाने संपादकाला त्याच्या मनातलं बोलू दिलं आहे.

आपल्या वाचकांत वकील आहेत, न्यायालयीन कर्मचारी आहेत, निवृत्त न्यायाधीश आहेत, आणि कधी ना कधी साक्षीला गेलेले तर असंख्य आहेत. तुमच्या न्यायालयात प्रतिज्ञेचा पर्याय विचारला जातो का, की फक्त ईश्वराची शपथ सांगितली जाते, हे कळवा. तालुक्याचं नाव लिहा, साक्षीदाराचं नको. आलेली पत्रं एकत्र करून आम्ही ती उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांकडे अर्जासोबत देणार आहोत.