गिअर तिसऱ्यांदा गेला तेव्हा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मागचे सगळे शनिवार-रविवार एका ट्रकने खाल्ले. घाबरू नका, रिमोटवाला ट्रक. खऱ्याच्या एक दशांश मापाचा, मोठ्या टायरांचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा. सेकंडहँड घेतला होता. घरी सांगताना "भाच्यासाठी घेतोय" असं सांगितलं. भाचा अकरा वर्षांचा आहे, खरं काय ते त्याला पहिल्याच दिवशी कळलं :-)

आमचं घर जरीपटक्यात. नागपूर न पाहिलेल्यांसाठी सांगतो, हा शहराचा उत्तरेकडचा भाग. नाव मराठ्यांच्या जरीच्या निशाणाचं आणि वस्ती मुख्यतः फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची. जवळून कामठी रोड जातो, त्यावर ऑटोमोटिव्ह चौक. इथे ट्रक हा विषय कुणाला नवीन नाही. फक्त हातात मावणारा ट्रक घेऊन प्लॉटवर उकिडवा बसलेला अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर लोकांना थोडा नवीन आहे.

तर झालं असं. एका संध्याकाळी मातीच्या ढिगाऱ्यावर ट्रक चढवताना 'कर्रर्र' असा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी. मोटर किंचाळतेय, चाकं ढिम्म. उघडून पाहिलं तर स्पर गिअरचे पाच-सहा दात साफ उडालेले.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटरच्या शाफ्टवर एक छोटं धातूचं पिनियन असतं. ते एका मोठ्या प्लास्टिकच्या चक्राला फिरवतं, तो स्पर गिअर. पिनियनला २० दात आणि स्परला ८० असतील तर मोटर चारदा फिरल्यावर स्पर एकदा फिरतो. पुढे गिअरबॉक्समध्ये वेग आणखी पावणेतीन पटीच्या आसपास कमी होतो. म्हणजे चाक एकदा फिरायला मोटरला साधारण ११ वेळा फिरावं लागतं. वेग कमी, जोर जास्त. स्परला लागून स्लिपर क्लच असतो, अचानक झटका बसला तर तो किंचित घसरतो आणि दात वाचतात. मग डिफरन्शियल, दोन बाजूंना दोन ड्राइव्हशाफ्ट, शेवटी सहाकोनी हब आणि चाक.

दात गेले म्हणजे गिअर बदलायचा, यात विचार काय करायचा? मागवला. इथे एक अडचण आहे. हा सगळा प्रकार खेळण्यांत मोडतो आणि पार्ट बहुतेक बाहेरचे. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. देशातल्या कारखान्यांना हात द्यायचा हेतू मला समजतो, पण प्लास्टिकच्या एका चक्रासाठी साडेचारशे रुपये आणि अडीच आठवडे मोजताना तो हेतू आठवत नाही :-)

नवीन गिअर बसवला. ट्रक पळाला! दोन बॅटऱ्या संपेपर्यंत झकास. तिसऱ्या बॅटरीला पुन्हा 'कर्रर्र'.

आता मी 'अनुभवी' झालो होतो. वाटलं, स्लिपर सैल असणार, म्हणून जोर पोचत नाही. दुसरा नवीन गिअर टाकला आणि स्लिपरचा नट पार आवळून टाकला. हा गिअर तर एका बॅटरीतच गेला. नंतर कळलं की झटका खाणारी एकमेव गोष्टच मी बंद करून टाकली होती. आता सगळा मार थेट दातांवर.

तिसऱ्यांदा दुकानाचं पान उघडून 'विकत घ्या' वर बोट ठेवणार, इतक्यात शेजारचे काका आले. त्यांचं सगळं आयुष्य ट्रकचे गिअरबॉक्स उघडण्यात गेलंय.

"काय रे बाबू, काय करून राहिला?"

"काका, गिअर गेला परत."

"परत म्हंजे कितव्या खेपेले?"

"तिसऱ्या."

"मंग गिअर काहून बदलून राहिला? गिअरनं तं आपलं काम केलं, तुटला. त्याले तोडून कोन राहिलं थे पाह्य ना आधी!"

मी इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आहे. डिफरन्शियलची आकृती परीक्षेत काढून आठ मार्कही मिळवले आहेत. पण हा प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता, हे कबूल करतो.

मग आम्ही दोघं बसलो. काकांची पद्धत सोपी. साखळी मधोमध तोडायची आणि विचारायचं, बिघाड अलीकडे की पलीकडे? ट्रक डब्यावर ठेवायचा, चाकं हवेत. थ्रॉटल अगदी हलका द्यायचा. मोटर फिरते पण स्पर फिरत नाही? मग पिनियनचा छोटा स्क्रू सुटलाय किंवा दात एकमेकांना लागत नाहीत. स्पर फिरतो पण चाकं नाहीत? मग स्लिपर किंवा गिअरबॉक्स. पुढे मोटर बंद करून स्पर हाताने धरून ठेवायचा आणि एक मागचं चाक फिरवायचं. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं तर डिफरन्शियल आणि दोन्ही ड्राइव्हशाफ्ट ठीक. एक चाक नुसतंच मोकळं फिरत राहिलं तर त्या बाजूची पिन पडली असणार किंवा हब गोल झाला असणार. मग दोन्ही मागची चाकं घट्ट धरून स्पर फिरवून पाहायचा. आरामात फिरला तर स्लिपर सैल, किंवा आतले दात गेलेले.

(जाता जाता, खडबडीत जागी एकच चाक हवेत गरगरतंय आणि ट्रक हलत नाही, हा बिघाड नाही. उघड्या डिफरन्शियलचा तो स्वभावच आहे. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकरने १८२७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एकाला पकड नसली तर दुसऱ्यालाही फारसं काही मिळत नाही. त्यासाठी आत जाड सिलिकॉन तेल भरतात. पार्ट बदलून काही होत नाही.)

आमच्या ट्रकमध्ये हे सगळं ठीक निघालं. मग दातांमधली फट. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरमध्ये घालायची, मोटर सरकवून स्क्रू आवळायचे आणि पट्टी बाहेर काढायची. तिला घड्या पडायला हव्यात पण ती फाटायला नको. तीही बरोबर! मी हात टेकले. काकांनी दोन बोटांत स्पर धरला आणि वर-खाली हलवला. टिक टिक. अगदी बारीक.

"हे पाह्य. शाफ्ट हालून राहिला."

स्पर ज्या शाफ्टवर बसतो त्याचं एक बेअरिंग गेलं होतं. आत बारीक माती. गाडी उभी असताना सगळं जागेवर, कागदाची परीक्षाही पास. पण चढावर जोर आला की शाफ्ट एक केस बाजूला सरकायचा, दात टोकाटोकालाच लागायचे आणि उडायचे. म्हणजे बिघाड फक्त ओझ्याखाली दिसणारा, आणि मी तो टेबलावर शोधत होतो.

बेअरिंग ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटर. हे माप कुठल्या एका कंपनीचं नसतं. कामठी रोडवर दुकानदाराने दुसऱ्या डब्यात हात घालून काढून दिलं. साठ रुपये. त्याआधी मी गिअरवर नऊशे घालवले होते. नवा स्पर, नवं बेअरिंग, स्लिपर थोडा सैल. त्यानंतर वीसेक बॅटऱ्या संपल्या, गिअरचे दात अजून शाबूत आहेत.

इथेच पोस्ट संपवली असती. पण त्या रात्री झोप आली नाही, आणि त्याचं कारण ट्रक नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या ऑफिसात रात्रीचा एक बॅच जॉब पडला. डेटाबेसची कनेक्शन संपली. आदल्याच दिवशी टीममधल्या एका फ्रेशरने नवीन क्वेरी टाकली होती. काय झालं, का झालं याचा मेल मला लिहायचा होता. मी अर्ध्या तासात लिहिला: अमुक बदलामुळे जॉब पडला, बदल मागे घेतला, प्रश्न सुटला. नाव लिहिलं नव्हतं. पण बदलाचा नंबर लिहिला होता, आणि नंबरावरून नाव काढायला दोन क्लिक लागतात. शिवाय 'उपाय' म्हणून जॉब पडला तर तो तीनदा पुन्हा चालवायचा, असं करून ठेवलं.

दोन आठवडे सगळं झकास. मग जॉब पुन्हा पडला. तेव्हा तर त्याची क्वेरी तिथे नव्हतीच! आम्ही सर्व्हर रीस्टार्ट केला आणि विसरलो. तोपर्यंत त्या मुलाचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं होतं. कारणांमध्ये माझा मेल होता.

नवा गिअर दोन बॅटऱ्या चालतो. रीस्टार्ट केलेला सर्व्हर दोन आठवडे चालतो. आपण त्याला 'दुरुस्त झालं' म्हणतो.

सोमवारी इंदोरा चौकातून मेट्रोत बसलो तेव्हाच लॅपटॉप उघडला. खापरीला उतरेपर्यंत अंदाज आला आणि दुपारपर्यंत खात्री झाली. एका जुन्या फंक्शनमध्ये एरर आली की कनेक्शन परत दिलंच जात नव्हतं. रोज दोन-चार गळायची. त्या मुलाच्या क्वेरीने फक्त ओझं वाढवलं. आणि मी लावलेल्या तीन रीट्रायनी गळती आणखी वाढवली, अगदी स्लिपर आवळल्यासारखी. ते फंक्शन कोणी लिहिलं होतं? दोन वर्षांपूर्वी, मीच.

माझं मत सांगतो, पटतं का बघा. तुटलेला भाग आणि दोषी भाग एकच असतील असं धरून चालणं हा आळस आहे. आणि त्या आळसाची किंमत नेहमी साखळीतला सगळ्यात मऊ भाग देतो. स्पर गिअर प्लास्टिकचा असतो कारण बऱ्याचदा तो मुद्दाम तसा केलेला असतो. आधी स्वस्तातला भाग तुटावा, मोटर आणि गिअरबॉक्स वाचावेत. यंत्रात ही शहाणी गोष्ट आहे. पण टीममध्ये आपण हेच माणसांबाबत करतो, आणि तिथे साडेचारशे रुपयांत दुसरा मागवता येत नाही.

कुणी म्हणेल, रात्री दोन वाजता सिस्टिम बंद असताना मूळ कारण कोण शोधत बसणार? बरोबर आहे. आधी चालू करा, बदल मागे घ्या, रीस्टार्ट मारा. माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती सकाळी नऊ वाजता त्यालाच 'कारण' म्हणून लिहिण्याला. 'सध्या चालू केलंय, कारण अजून सापडलेलं नाही' हे वाक्य लिहायला आपल्याला इतकी लाज का वाटते? मला वाटली होती. मोठ्या लोकांच्या मेलमध्ये मला हुशार दिसायचं होतं.

मी दुसरा मेल लिहिला. त्याच सगळ्या लोकांना, त्याच विषयाखाली. पहिलं विश्लेषण चुकीचं होतं, गळती माझ्या कोडमध्ये होती, त्या बदलाचा दोष नव्हता. पाठवायच्या आधी चारदा वाचला. मॅनेजरने "ओके, नोटेड" एवढंच लिहिलं. प्रोबेशनचं काय, तर 'बघू'. मी दर आठवड्याला विचारतोय. एकदा झिजलेले दात मेल लिहून परत येत नाहीत, हेही शिकलो.

तो मुलगा संध्याकाळी कॉफी मशीनजवळ भेटला. म्हणाला, "सर, मला वाटत होतं माझंच चुकलं असेल. मी ती क्वेरी घरी पन्नासदा वाचली." माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॉरी म्हणालो. या रविवारी तो ट्रक चालवायला येणार आहे. भाच्याने आधीच बजावून ठेवलंय, पहिली बॅटरी त्याची :-)

असो. बेअरिंगच्या दुकानदाराकडून मी त्याच मापाची आणखी दोन आणून ठेवली आहेत. तुमच्याकडे काही वारंवार तुटत असेल, तर नवीन मागवण्याआधी ते दोन बोटांत धरून जरा हलवून पाहा.