चौथा रकाना



यंदाच्या दिवाळी अंकासाठी आम्ही कायदा हा विषय निवडला, तो एका अस्वस्थतेतून. एखादी भीषण घटना घडली की आपल्याकडे पहिली मागणी होते ती शिक्षा वाढवण्याची. महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठी फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद राज्याला करायची असेल, तर राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली नाही आणि विधेयकाचा कायदा झाला नाही. त्या सगळ्या काळात चर्चा झाली ती फाशीची. पोलीस ठाण्याच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे ज्या तक्त्यावरून ठरते, त्याबद्दल आपण जवळजवळ कधीच बोलत नाही.

तो तक्ता म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची पहिली अनुसूची. 1 जुलै 2024 पासून ती लागू आहे. त्याआधी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असाच तक्ता होता. या तक्त्यात सहा रकाने आहेत : कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कोणत्या न्यायालयात. आपले सगळे लक्ष तिसऱ्या रकान्यावर असते. फिर्यादीचे नशीब मात्र चौथ्यात लिहिलेले असते. गुन्हा दखलपात्र असेल तर पोलीस एफआयआर नोंदवून स्वतःहून तपास करू शकतात. अदखलपात्र असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटाशिवाय अटक नाही. फिर्यादीच्या हाती पडते ती फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद.

'तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा' हे जुन्या दंडसंहितेतले त्रिकूट वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही पाठ असेल : साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत आकडे बदलून 115(2), 352 आणि 351(2) झाले, पण गुन्हे अदखलपात्रच राहिले. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईची तक्रार कित्येकदा याच चौकटीत बसवली जाते. वास्तविक पती वा सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचे कलम वेगळे आहे, त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे आणि माहिती पीडितेने किंवा तिच्या जवळच्या नातलगाने दिली तर तो गुन्हा दखलपात्र आहे. कोणते कलम लावायचे, हा निर्णय त्या टेबलावर काही मिनिटांत होतो आणि तिचे पुढचे कित्येक महिने त्यावर ठरतात.

चोरीचे उदाहरण तर मला अतिशय गंभीर वाटते. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, अशा वेळी न्यायसंहितेने सामुदायिक सेवेची शिक्षा आणली. किरकोळ चोरीसाठी कुणाला तुरुंगात कुजवू नये, या विचाराचे मी मनापासून स्वागत करतो. पण अनुसूचीने याच चोरीला अदखलपात्र ठरवले आहे. चोर नवखा आहे की सराईत, तो माल परत करणार की नाही, हे तपासाआधी कळणार कसे? आणि तपास तर करायचा नाही! ऐन दिवाळीच्या गर्दीत पणत्या विकणाऱ्या बाईचा चार हजारांचा गल्ला कुणी हळूच उचलला, तर तिच्या हाती एनसीच पडण्याची शक्यता मोठी. तोच गल्ला हिसकावून नेला तर कलम 304 लागते आणि गुन्हा दखलपात्र होतो. पाच हजारांचा हा उंबरठा ठरवणाऱ्यांनी चार हजारांत ज्यांचे महिन्याचे वाणसामान येते, त्यांचा विचार केला नाही.

राज्याच्या कायद्यांतही सगळे याच रकान्यांवर ठरते. ज्या कायद्यात वर्गवारी सांगितलेली नसते, त्याला अनुसूचीचा दुसरा भाग लागू होतो. शिक्षा तीन वर्षांहून कमी असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र, तीन ते सात वर्षे असेल तर दखलपात्र आणि अजामीनपात्र. 'तीन वर्षांपर्यंत' असे लिहिलेले असेल तर ते नेमके कुठे बसते, हा वाद कॉपीराइट कायद्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2022 मध्ये न्यायालयाने तो गुन्हा दखलपात्र ठरवला.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने सहा महिने ते सात वर्षे शिक्षा ठेवली आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र केला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. म्हणजे जातपंचायतीचे पंच जामिनावर सुटून लगेच त्याच गावात, तक्रारदाराच्या दारासमोर परततात. या दोन कायद्यांत हा फरक का, याची कारणमीमांसा विधेयकासोबत सामान्य वाचकाच्या हाती यायला हवी होती.

म्हणून सगळेच अजामीनपात्र करा, असे मी म्हणणार नाही. देशातल्या तुरुंगांत चारांपैकी साधारण तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. पाचव्या रकान्यातला एक शब्द बदलला की या गर्दीत आणखी माणसे जातात, आणि त्यांत वकील न परवडणारेच जास्त असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्णेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, असे बजावले होते. पंचाला गावाबाहेर ठेवण्याची अट घालून जामीन देणे आणि कुणाला महिनोन्महिने कोठडीत ठेवणे, यांच्यामध्ये बरीच जागा आहे. विधिमंडळाने चर्चा करायची ती या जागेची.

तोवर हातात एनसी पडलेल्या वाचकाने एक गोष्ट जरूर करावी. नोंदीची प्रत घेऊन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174(2) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करावा. पोलिसांनीही अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो; तो गेला का, हे विचारावे.