नऊ दिवसांचा हिशेब

राजगुरुनगरहून पहाटे चाकणकडे दोन प्रकारची वाहने निघतात. एक, कांद्याच्या पिशव्या रचलेले टेम्पो. ते चाकणच्या महात्मा फुले बाजार आवारात जातात. दुसरी, कंपन्यांच्या बसगाड्या; त्या पहिल्या पाळीच्या मुलांना घेऊन औद्योगिक वसाहतीत जातात. खेड तालुक्याच्या पूर्व भागातील कितीतरी घरांत टेम्पोवर बसलेला बाप आणि बसमध्ये पेंगणारा मुलगा एकाच चुलीवरचे अन्न खाऊन निघालेले असतात. बाप कांदा विकतो, मुलगा श्रम विकतो. दोघांच्याही मालाचा भाव त्यांच्या हातात नसतो. तो कोणाच्या हातात असतो आणि कोणासाठी पाडला जातो, हा प्रश्न या तालुक्याच्या राजकारणाचा मध्यबिंदू व्हावयास हवा.

शेतीमालाचा भाव हा एक प्रश्न आणि कारखान्यातील कंत्राटी कामगार हा दुसरा, अशी वाटणी करण्याची सवय राज्यकर्त्यांना आहे. दुर्दैवाने ती विरोधकांनाही लागली आहे. पहिल्यासाठी कृषिखाते, दुसऱ्यासाठी कामगारखाते. पहिल्यासाठी शेतकरी संघटना, दुसऱ्यासाठी कामगार संघटना. घराला मात्र अशी दोन खाती नसतात. बापाचा कांदा पडतो तेव्हा मुलाच्या पगारातून सोसायटीचा हप्ता जातो. मुलाला ब्रेक मिळतो तेव्हा कांद्याच्या पट्टीतून किराणा भरला जातो. सरकारी धोरणाने हे दोन्ही आधार एकाच वेळी कसे काढून घेतले, हे दोन सप्टेंबर महिन्यांच्या तारखा शेजारी ठेवल्या की दिसते.

सप्टेंबर २०१९. वाहन उद्योग मंदीत होता. त्या ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची देशांतर्गत विक्री आदल्या वर्षाच्या त्याच महिन्यापेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घसरली होती. कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांतून कंत्राटी मुलांना घरी पाठवले जाऊ लागले. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि जुलै २०१७ चा घाईने लादलेला वस्तू व सेवा कर यांतून लहान उद्योजक सावरला नव्हता, त्यातच हा तडाखा बसला. नवी पिढी गाडी विकत घेण्याऐवजी ओला-उबर पसंत करते, हे मंदीचे एक कारण अर्थमंत्र्यांनी त्या महिन्यात सांगितले. नंतर २० सप्टेंबरला पणजीहून त्यांनी कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणि नव्या कारखान्यांसाठी १५ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. सरकारच्याच अंदाजाने यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावयाचे होते. शेअर बाजार त्या दिवशी १,९०० अंशांहून अधिक उसळला. ज्याला ब्रेक मिळाला त्या मुलासाठी घोषणेत एक ओळ नव्हती. काम टिकवण्याची अट कोणत्याही कंपनीवर घातली गेली नाही.

बरोबर नऊ दिवसांनी, २९ सप्टेंबरला, त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. व्यापाऱ्यांच्या साठ्यावरही मर्यादा आली आणि लिलाव थंडावले. मुलाला देण्यासाठी ज्या सरकारजवळ काही नव्हते, त्याने बापाकडून घेण्याचा मार्ग मात्र लगेच शोधला.

सप्टेंबरच का, हे शहरातील वाचकाला सांगावे लागेल. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा गरवा कांदा शेतकरी वखारीत साठवतो. पावसाळ्यात तो वजनात घटतो, सडतो, त्याला मोड येतात. ही घट सोसून जो माल वाचतो त्याला ऑगस्ट-सप्टेंबरात, खरिपाचा नवा कांदा येण्यापूर्वी, बरा भाव मिळतो. हा भाव म्हणजे घबाड नव्हे. चार-पाच महिने पत्करलेल्या जोखमीची आणि सडून गेलेल्या मालाची ती भरपाई असते. नेमक्या याच आठवड्यांत सरकारला ग्राहक आठवतो. उन्हाळ्यात कवडीमोलाने कांदा विकताना शेतकरी बाजाराच्या हवाली असतो. पावसाळ्याअखेर तो चार पैसे पाहू लागला की राष्ट्रहिताच्या हवाली होतो.

ती बंदी १५ मार्च २०२० रोजी उठली. दहा दिवसांत देश टाळेबंदीत गेला, तोही चार तासांच्या सूचनेवर. चाकणच्या खोल्यांतून मराठवाड्यातील, विदर्भातील, बिहारमधील मुले गावाकडे निघाली. कित्येक जण पायी गेले. कोणत्या कंपनीत किती कंत्राटी माणसे होती, त्यांची मजुरी कोणाकडे अडकली, हे सांगू शकेल अशी नोंद कोणाकडेही नव्हती. वर्षानुवर्षे जो कामगार कागदावर येऊच दिला नाही, त्याला मदत पोहोचवणार तरी कशी?

त्याच वर्षाचा सप्टेंबर पाहावा. जूनमध्ये वटहुकूम काढून सरकारने कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या नियंत्रणातून मोकळा केल्याचा डांगोरा पिटला होता. १४ सप्टेंबर २०२० रोजी कांद्याची निर्यात पुन्हा बंद झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्या वटहुकमाची जागा घेणारे विधेयक लोकसभेने संमत केले. शेतकऱ्याला स्वातंत्र्य देणारा कायदा आणि त्याचा बाजार बंद करणारा हुकूम यांत चोवीस तासांचेही अंतर धड नव्हते. पुन्हा बरोबर नऊ दिवसांनी, २३ सप्टेंबरला, विरोधी सदस्यांच्या बहिष्कारामुळे जवळजवळ रिकाम्या बाकांसमोर राज्यसभेने तीन कामगार संहिता संमत केल्या. कामगारकपात वा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १९८२ च्या दुरुस्तीने १०० कामगारांच्या कारखान्यांना लागू केले होते; नव्या संहितेने ते ३०० कामगारांच्या कारखान्यांपुरते उरले. चाकणच्या परिसरात सुटे भाग बनवणारे असंख्य लहान कारखाने या मर्यादेच्या आत सहज बसतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अमलात आल्या आहेत.

कंत्राटी पद्धतीची चाल जुनीच आहे. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचे काही संरक्षण मिळते, म्हणून ते भरण्यापूर्वी ब्रेक द्यावयाचा. ठेकेदाराचे नाव बदलावयाचे. तोच मुलगा, तेच यंत्र, तेच काम, पण नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात बारमाही कामावरील कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार सरकारला होता. तो किती कृपणपणे वापरला गेला याची साक्ष चाकणच्या कोणत्याही प्रवेशद्वारावर पाळी सुटताना मिळते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावयास हवा. कांदा महागला तर चाकणच्या खोलीत चौघांत स्वयंपाक करणारा कामगारच होरपळतो. मग निर्यातबंदी गरिबांच्या हिताची नाही काय? समाजवाद्यांना हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. पण तो मुलगा कांद्याच्या चढ्या भावाने का होरपळतो? त्याची मजुरी महागाईबरोबर वाढत नाही म्हणून. मजुरी वाढवावयाची नसेल तर अन्न स्वस्त ठेवावे लागते, आणि अन्न स्वस्त ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शेतकऱ्याच्या भावावर बसणे. स्वस्त कांद्याचा अंतिम लाभ अशा रीतीने कमी पगार देणाऱ्याला पोहोचतो. बाप आपल्या कांद्यातून जी सवलत देतो ती मुलाच्या ताटात क्षणभर थांबते आणि मालकाच्या ताळेबंदात जमा होते.

गरिबाला कांदा स्वस्त द्यावयाचा असेल तर सरकारने तो हंगामात खर्चाला परवडेल अशा भावाने घ्यावा, साठवावा आणि तोटा सोसून रेशनच्या दुकानात विकावा. हा तोटा सर्वांच्या करातून भरला जाईल. आज तो एकट्या कांदा पिकवणाऱ्याकडून वसूल होतो. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये भाव कोसळले तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपयांचे अनुदान देऊन हात झटकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भाव सावरू लागताच केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. पडला तर भाव शेतकऱ्याचा, चढला तर देशाचा, असा हा न्याय आहे. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. अखेर ४ मे रोजी बंदी उठली, तरी ४० टक्के शुल्क कायम राहिले. राजगुरुनगर ज्या शिरूर मतदारसंघात येते तेथील मतदानाला तेव्हा नऊच दिवस उरले होते. नऊ दिवसांचा हिशेब सरकारला उत्तम येतो. तो कोणासाठी मांडावयाचा एवढाच प्रश्न आहे.

मालकाला कर माफ केला की सुबत्ता खाली झिरपते, ही शिकवण जेथून आली त्या अमेरिकेतील सामान्य कुटुंबांचा अनुभव वेगळा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये तेथे कंपन्यांवरील कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणला गेला. त्यामुळे सरासरी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला किमान ४,००० डॉलरनी वाढेल, असे अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागारांनी सांगितले होते. नंतरच्या अभ्यासांत त्या वाढीचा मागमूस लागला नाही. भागधारक आणि वरच्या पगाराचे अधिकारी यांच्यापलीकडे लाभ फारसा गेला नाही. ओहायोच्या कामगारवस्तीत जुलै २०१७ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर सभेत सांगितले होते की कारखाने परत येतील, घरे विकू नका. त्याच भागातील लॉर्डस्टाउन येथील जनरल मोटर्सचा कारखाना मार्च २०१९ मध्ये थांबला. ज्यांनी त्या शब्दावर विश्वासून घरे राखली त्यांच्यापुढे घर सोडावे की काम, असा पेच पडला.

ही कंपनी चाकणच्या शेजाऱ्यांना अपरिचित नाही. तळेगावचा तिचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये बंद झाला. पुढे तो ह्युंदाईकडे गेला. यंत्रांना आणि जमिनीला नवा मालक मिळाला. जुन्या कामगारांना आपल्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. लॉर्डस्टाउनचा कामगार आणि तळेगावचा कामगार एकमेकांना ओळखत नाहीत, पण त्यांच्या घरात आलेली चिठ्ठी एकाच हाताची आहे.

सरकारचे दोष दाखवून विरोधकांचे कर्तव्य संपत नाही. १९८० मध्ये याच चाकणला शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला. त्यांच्या खुल्या बाजाराच्या तत्त्वज्ञानाशी समाजवाद्यांचा मतभेद होता, तो आजही आहे. परंतु त्यांनी उभा केलेला प्रश्न खरा होता, आणि तो आपला मानण्यास डाव्या चळवळीने उशीर केला हे कबूल करावयास हवे. वस्तुतः डॉ. लोहियांच्या ‘दाम बांधो’ धोरणात त्याचे उत्तर होते: दोन पिकांच्या दरम्यान धान्याच्या भावातील चढउताराला मर्यादा आणि कारखान्याच्या मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीच्या आत. शेत आणि कारखाना यांना एका सूत्रात बांधणारा तो विचार ठरावांत राहिला. कामगार संघटनांनी कायम कामगारांचे करार सांभाळले. शेजारच्या यंत्रावरचा कंत्राटी मुलगा त्यांच्या सभासदपुस्तकात आला नाही. शेतकरी नेत्यांनी कामगाराला स्वस्ताई मागणारा ग्राहक मानले. बाप आणि मुलगा एका घरात राहिले; त्यांच्या चळवळी मात्र वेगळ्या घरांत गेल्या.

म्हणून मागण्या एकत्र मांडाव्या लागतील. कांद्याच्या आयात-निर्यातीचे धोरण लागवडीपूर्वी जाहीर व्हावे; हंगामाच्या मध्येच ते फिरवले तर भावातील फरक सरकारने भरून द्यावा. कंपन्यांना दिलेल्या प्रत्येक करसवलतीला कायम नोकऱ्यांची अट असावी आणि तिचा हिशेब लोकांसमोर यावा. आणि हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली जो माथाडी कायदा केला, त्याच धर्तीवर पिंपरी-चिंचवड ते राजगुरुनगर या पट्ट्यातील कंत्राटी कामगारांचे मंडळ स्थापन व्हावे: नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधीची वसुली मालकाकडून. ठेकेदार बदलला तरी कामगाराची सेवा तुटता कामा नये. हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी चाकणच्या बाजार आवारातील तोलाई पाहावी. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला जे संरक्षण या राज्याने अर्ध्या शतकापूर्वी देऊ केले, ते मोटारीचे भाग जोडणाऱ्याला नाकारण्याचे कारण नाही.

ज्या हुतात्म्याचे नाव या गावाने धारण केले, त्या शिवराम हरी राजगुरूंच्या संघटनेने १९२८ साली दिल्लीत आपल्या नावात ‘समाजवादी’ हा शब्द मुद्दाम घातला. परकी सत्ता गेली तरी कष्टाचा भाव दुसऱ्यानेच ठरवावयाचा असेल तर स्वातंत्र्य अपुरे राहील, ही जाणीव त्यामागे होती. दरवर्षी २३ मार्चला राजगुरुनगरात त्यांच्या पुतळ्याला हार पडतात, मंत्र्यांचेही पडतात. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या वर्षी आणखी एक काम करावे. चाकणच्या लिलावात आणि कंपन्यांच्या प्रवेशद्वारांवर एकच पत्रक वाटावे, आणि सभा बोलवावी ती बापाची निराळी आणि मुलाची निराळी नव्हे, तर दोघांची एकत्र.